हक्क मान्य, झोपडी अमान्य?

सुहास: ‘सुप्रीम कोर्ट आहे म्हणून गरिबाचे हक्क शाबूत आहेत’ हे मला पटत नाही. मुंबईचाच ओल्गा टेलिस खटला घ्या. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून गावी धाडायचं जाहीर केलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारे काही जण कोर्टात गेले. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविका हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. वकिलांना हे तोंडपाठ असतं. पण त्याच निकालात पुढे आहे की फुटपाथ अडवायचा हक्क कोणालाच नाही, आणि विनानोटीस अतिक्रमण काढू देणारं पालिका कायद्याचं कलम ३१४ वैध आहे. पालिकेला फक्त एवढंच सांगितलं: ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा. याला संरक्षण म्हणायचं?

मृणाल: हो, म्हणायचं! निकाल अर्धाच सांगितलात. नोटीस आणि सुनावणी हा नियम, विनानोटीस कारवाई हा अपवाद, असं कोर्टाने बजावलं. १९७६ च्या झोपड्यांच्या गणतीत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं. आणि ऑक्टोबरची तारीख किरकोळ वाटते? जुलैत ताडपत्री ओढली की चूल, दप्तरं, रेशनकार्ड सगळं भिजतं.

अनघा: मी वस्तीत काम करते. पाडकाम पथक आलं की बायका आधी कागदांची पिशवी उचलतात, भांडी नंतर. कारण सगळा खेळ पुराव्याचा. १९७६ चं ओळखपत्र असेल तर जागा, पण १९७७ ला आलेल्याने काय करायचं? त्याचं पोट वेगळं आहे का?

सुहास: हेच म्हणतोय. आणि १९७६ विसरू नका. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्यांना दाद मागता येते, असं मुंबईसह नऊ उच्च न्यायालयं म्हणत होती. सुप्रीम कोर्टाने एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मतांनी ते फिरवलं. त्या चौघांत चंद्रचूडही होते. विरोधात उभे राहिले एकटे न्या. खन्ना. पुढच्या वर्षी त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले, खन्नांनी राजीनामा दिला. आणीबाणीतही कलम २१ स्थगित करता येणार नाही, ही तरतूद केली १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे मतदारांनी निवडलेल्या संसदेने. कोर्टाने तो निकाल रद्द ठरवला थेट २०१७ मध्ये.

मृणाल: तो निकाल काळा डाग आहे, मान्य. पण घटनादुरुस्त्यांना कोर्टात आव्हानच देता येऊ नये, अशी तरतूद ४२ व्या घटनादुरुस्तीने केली तीही संसदेनेच. ती १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात कोर्टाने उडवली. निवडणूक पाच वर्षांनी येते. उद्या सकाळी जेसीबी येणार असेल तर आज रात्री स्थगिती कोणाकडे मागायची?

अनघा: कोर्टाकडेच, ताई. आम्हीही तेच करतो. पण स्थगिती उठते तेव्हा सोबत नगरसेवक लागतो, मोर्चा लागतो, आणि पर्यायी जागेची चावी हातात पडेपर्यंत पालिकेत खेटे घालणारं कोणीतरी लागतं.