परदेशी सहकाऱ्यांशी सोपं इंग्रजी: टीममध्ये ठरवून वापरावं का?

नवी_टीमलीड:
आमच्या टीममध्ये ब्राझील, पोलंड, जपान आणि अमेरिकेतले लोक आहेत. मीटिंगमध्ये अमेरिकन सहकारी भराभर बोलतात, बाकीचे माना डोलावतात आणि नंतर मला एकटीला गाठून विचारतात, "नक्की ठरलं काय?" ग्लोबिशबद्दल, म्हणजे मोजक्या शब्दांच्या सोप्या इंग्रजीबद्दल, वाचलं. दीड हजार शब्दांत काम भागतं म्हणे. अशी शब्दांची यादी टीमला लावून द्यावी का?

शब्दवेल्हाळ:
यादीचा प्रयोग जुना आहे. इंग्रज भाषातज्ज्ञ सी. के. ऑग्डेन यांनी 1930 मध्ये 850 शब्दांचं 'बेसिक इंग्लिश' मांडलं. 1943 मध्ये चर्चिल यांनी हार्वर्डच्या भाषणात त्याची तरफदारी केली, तरी ते रुजलं नाही. क्रियापदं जेमतेम अठरा ठेवली, म्हणून 'गेट', 'पुट', 'टेक' यांना छोटे शब्द जोडून बाकीचे सगळे अर्थ काढावे लागतात, आणि शिकणाऱ्याला नेमकं तेच जड जातं. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या अमेरिकी रेडिओचे 1959 पासूनचे 'स्पेशल इंग्लिश'मधले कार्यक्रम मात्र अनेक दशकं टिकले. तिथेही शब्द दीड हजारांच्या आसपासच, पण वाक्यं छोटी आणि वाचणारा मुद्दाम सावकाश वाचायचा.

दर्यावर्दी:
मी व्यापारी जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, कॅप्टन युक्रेनचा, सुकाणूवर फिलिपिनो खलाशी, आणि जहाजाला बंदरात वाट दाखवायला चढणारा पायलट त्या त्या देशाचा. इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नाही, तरी काम चोख होतं. 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठरावीक वाक्यांचा संच स्वीकारला, तो आम्हा अधिकाऱ्यांना शिकावाच लागतो.

त्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती शब्दसंख्या नव्हे, शिस्त. गैरसमजाची शक्यता असेल तिथे व्हीएचएफवर (जहाजाच्या रेडिओवर) बोलताना आधी सांगायचं की ही सूचना आहे, प्रश्न आहे, इशारा आहे की माझा इरादा. मग मजकूर. 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' टाळायचे, कारण ऐकणाऱ्याला परवानगी मिळाली की नुसती शक्यता सांगितली, हे कळत नाही. सुकाणूचा हुकूम सुकाणूवरचा माणूस जसाच्या तसा परत म्हणतो आणि मगच चाक फिरवतो. रात्री दाट धुक्यात तो परत आलेला आवाज ऐकला की मला खरोखर धीर येतो.

विमानवाल्यांनी तर अशी शिस्त नसल्याची भयंकर किंमत मोजली. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली, 583 माणसं गेली. कारणं अनेक होती, धुकं होतं, रेडिओवर दोन संदेश एकमेकांवर आदळले. पण डच वैमानिकाचं उड्डाणाबद्दलचं एक वाक्य स्पॅनिश कंट्रोलरने 'आम्ही थांबून तयार आहोत' असं घेतलं. इंग्रजी दोघांनाही येत होतं! नंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक झाला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. यादी लावू नका, बोलण्याची रीत लावा. आणि ती सर्वांत आधी अस्खलित बोलणाऱ्यांना लागू करा. कच्चं इंग्रजी असलेला माणूस एरवीही जपूनच बोलतो. समुद्रावर इंग्रज कॅप्टनलाही हीच वाक्यं वापरावी लागतात.

नवी_टीमलीड:
पटलं. पण अमेरिकन सहकाऱ्यांना "सोपं बोला" असं सांगितलं तर त्यांना अपमान वाटेल का? वयाने आणि हुद्द्याने ते मोठे आहेत.

दर्यावर्दी:
त्यांना वेगळं काही सांगूच नका. मीटिंगचा नियम करा: ज्याच्याकडे काम आलं त्याने काय करायचं आणि कधीपर्यंत, ते परत म्हणून दाखवायचं, ज्याने दिलं त्याने 'बरोबर' किंवा 'दुरुस्ती' म्हणायचं. सुरुवात तुमच्यापासून करा. आपलंच वाक्य समोरून वाकडंतिकडं होऊन परत आलं की माणूस पुढच्या वेळी आपोआप छोटं वाक्य बोलतो. तारीख मात्र आकड्यांत न लिहिता महिन्याच्या नावासकट लिहा, अमेरिकेत महिना आधी येतो.

शब्दवेल्हाळ:
आणि जपानी सहकाऱ्यांना "कळलं का?" असं विचारू नका, "हो"च म्हणतील. "पहिलं पाऊल काय?" विचारा.