नर्तकाची ताई ची

ताई ची (संथ, सलग हालचालींची चिनी व्यायामकला) शिकवणारे चुंगलियांग अल हुआंग मुळात नर्तक, त्यामुळे त्यांची ताई ची 'अस्सल' नाही, असं एकांनी लिहिलंय. मला हे पटत नाही.

हुआंग यांचा जन्म १९३७ चा, शांघायचा. अमेरिकेत ते वास्तुरचना (आर्किटेक्चर) शिकायला गेले आणि रमले नृत्यात. ताई ची शिकवताना त्यांनी ठरावीक हालचालींची घोकंपट्टी करून घेण्याचं टाळलं. आधी शरीर सैल होऊ द्या, श्वास आणि तोल सापडू द्या, हालचालींचा क्रम नंतर, असा त्यांचा आग्रह. १९७३ चं त्यांचं 'एम्ब्रेस टायगर, रिटर्न टू माउंटन' हे पुस्तक कार्यशाळांमधल्या बोलण्यातूनच तयार झालंय, म्हणून ते वाचताना समोर वर्ग चालू असल्यासारखं वाटतं. ज्यांना क्रमवार आकृत्या हव्यात त्यांची निराशा होईल, हे मान्य. पण एखाद्या शिक्षकाची पद्धत समजून घ्यायला इतकं जिवंत पुस्तक क्वचितच मिळतं.

१९७३ च्याच नोव्हेंबरमध्ये ॲलन वॉट्स गेले; पौर्वात्य तत्त्वज्ञान पाश्चात्त्यांना समजावून सांगणारे हे लेखक. त्यांचं ताओ या चिनी तत्त्वविचारावरचं पुस्तक अर्धवट राहिलं होतं. ते हुआंग यांच्या सहकार्याने १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं.

हुआंग यांच्याशी जोडलेला आणखी एक धागा सांगतो. गॅरी झुकाव्ह यांच्या 'द डान्सिंग वू ली मास्टर्स' या पुंजभौतिकीवरच्या (क्वांटम फिजिक्स) गाजलेल्या पुस्तकाचं नाव हुआंग यांच्याशी एसालेन या कॅलिफोर्नियातल्या कार्यशाळा-केंद्रात झालेल्या गप्पांतून सुचलं. पाकळी जमिनीवर का पडते याचं नवल विद्यार्थ्याला वाटेपर्यंत गुरुत्वाकर्षण शिकवायचं नाही, ही त्या पुस्तकातली कल्पना मला हुआंग यांच्या ताई चीच्या वर्गातही दिसते.