उत्तर: बीएमडब्ल्यू एम२ की एम४?

बीएमडब्ल्यूच्या या दोन वेगवान गाड्यांबद्दल 'एम४ साठीचे जास्तीचे पैसे वसूल होतात का' असं एकाने विचारलंय. रोज चालवायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नाही.

भारतात २०२४ मध्ये सुधारित रूपात आल्या तेव्हा एम२ ची एक्स-शोरूम किंमत १.०३ कोटी होती, एम४ कॉम्पिटिशन एक्सड्राइव्हची (एक्सड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना) १.५३ कोटी. दोन्हींत तेच ३ लिटरचं सहा सिलिंडर ट्विन-टर्बो इंजिन. एकीत ४८० एचपी, दुसरीत ५३०. शून्य ते शंभर ४.० सेकंद विरुद्ध ३.५. म्हणजे अर्ध्या सेकंदासाठी पन्नास लाख, आणि त्या अर्ध्या सेकंदातला बराचसा वाटा चारही चाकांच्या पकडीचा. पावसाळ्यात घाटातून नेहमी जाणं असेल तर त्या पकडीला खरी किंमत आहे, बाकी आकड्यांना फारशी नाही.

एम२ घेतली म्हणून खर्च मात्र निम्मा होत नाही, हे बरेच जण विसरतात. टायर दोन्हींचे एकाच मापाचे: पुढे २७५/३५ आर१९, मागे २८५/३० आर२०. मागच्या टायरची साइडवॉल, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची, जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, खड्ड्यात टायर फुगतो नाहीतर रिम वाकते. स्टेपनी नसते. पुढचे-मागचे अदलाबदलही करता येत नाहीत, त्यामुळे मागची जोडी आधी जाते.

वापरलेली घेताना २००० किमीच्या रनिंग-इन सर्व्हिसची (नवी गाडी रुळल्यावरची पहिली सर्व्हिस) नोंद बघाच. त्यात इंजिन आणि डिफरेन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे गिअर) तेल बदलतात. ती नोंद नसेल तर गाडी सोडून द्या.