कुत्र्यांना पोहायला न्यायचंय, पण कुठल्या पाण्यात?

मंदार (बी-२०३): मंडळी, नाताळच्या सुट्टीत ब्रुनो आणि सी विंगमधल्या कोकोला घेऊन गाडीने बाहेर पडायचा विचार आहे. गर्दी नसलेला एखादा नैसर्गिक डोह हवाय, दोघांना मनसोक्त पोहता येईल असा. निघोजचे रांजणखळगे नाहीतर देवकुंड डोक्यात आहे. कोणी गेलंय का?

देशपांडे काका (ए-१०१): मंदार, निघोज जरूर बघ, पण कुत्र्यांना त्या पाण्याजवळ नेऊ नकोस. पाटबंधारे खात्यात असताना कुकडीच्या त्या पट्ट्यात मी बराच फिरलोय. पुरात दगडगोटे एकाच जागी गरगरत राहतात आणि काळ्या खडकात रांजण कोरत जातात. म्हणूनच आतल्या भिंती उभ्या आणि गुळगुळीत असतात. आत पडलेल्या माणसाला हाताची पकड मिळत नाही, तिथे कुत्र्याच्या नखांना काय मिळणार? शिवाय धरणातून नदीत पाणी सोडलं, की पावसाचा थेंब नसतानाही पात्र भरतं. आणि काठावर मळगंगा देवीचं देऊळ आहे, गावाची श्रद्धा आहे त्या कुंडांवर.

मंदार (बी-२०३): काका, खडकांचं हे लक्षातच आलं नव्हतं. मग देवकुंड?

देशपांडे काका (ए-१०१): भिऱ्यापासून बरंच चालावं लागतं, कुंड खोल आहे आणि तिथे माणसं बुडाली आहेत. बंदीचे आदेशही निघतात, त्यामुळे आधी चौकशी केल्याशिवाय निघू नकोस.

डॉ. प्राची (सी-५०४): काका बोलले ते अगदी खरं. माझ्याकडून अजून एक. शिरूर, पारनेर, जुन्नर हा उसाचा पट्टा बिबट्यांचा आहे. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्यांच्या खाण्यातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाने ३९ टक्के. संध्याकाळनंतर त्या भागात कुत्र्याला पट्ट्याशिवाय सोडायचं नाही आणि रात्री तंबूबाहेर तर अजिबात बांधायचं नाही.

अभयारण्यंही यादीतून काढा. ताम्हिणी, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, कुठेच कुत्री नेऊ नयेत. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह दगावले तेव्हा काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. ज्या रोगाची लस आपण कुत्र्यांना टोचतो, तोच हा रोग. जंगलातल्या जनावरांना कोण लस देणार?

शिंदे काकू (ए-३०२): मग चिपळूणला न्या की, वाशिष्ठीला केवढं पाणी!

देशपांडे काका (ए-१०१): वहिनी, वाशिष्ठीत मगरी आहेत. महाडच्या सावित्रीतही आहेत. काठावर कुत्रं उतरलं तर मगरीला आयतं भक्ष्य.

सायली (बी-६०१): मंदार दादा, आमच्या गावी जा ना! देवरुखजवळ माझं माहेर. वाडीच्या खाली पऱ्या वाहतो, डिसेंबरात पाणी नितळ असतं. एका वळणावर डोह आहे, एका बाजूने वाळूचा उतार, गुडघ्यापासून हळूहळू खोल होत जातो. आमची गुरं तिथूनच ये-जा करतात. बाबा घरीच आहेत, अंगणात गाडी लावा, ओसरीवर झोपा.

डॉ. प्राची (सी-५०४): सायली, अशीच जागा हवी. कुत्र्यासाठी पाणी निवडताना मी आधी बाहेर यायची वाट बघते. उतार असेल तर दमलेलं कुत्रं आपलं आपण चालत वर येतं. उभा काठ असेल तर ते एकाच जागी धडपडत राहतं आणि तिथेच बुडतं.

मंदार, ब्रुनो लॅब्रॅडॉर आहे, तो पोहेल. कोको पग आहे. चपटं नाक, जड डोकं, तोंड पाण्यावर ठेवायलाच तिला कष्ट पडतात. तिला पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घाला आणि पोटाच्या वर पाणी नको. ब्रुनोसाठी पाण्यात सारखा बॉल टाकू नका. तोंड उघडं ठेवून पोहताना कुत्री खूप पाणी गिळतात, रक्तातलं सोडियम घसरतं आणि जीवावर बेततं. झोकांड्या, उलट्या, सुस्ती दिसली तर तडक डॉक्टरकडे. साचलेलं हिरवं पाणी दिसलं तर पाय ठेवू देऊ नका. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लस वर्षाच्या आत झाली आहे ना, कार्ड बघून ठेवा.

आता महत्त्वाचं. निघायच्या आधी गोचिडांचे मानेवरचे थेंब घालू नका. त्यात बहुतेक वेळा फिप्रोनिल हे कीटकनाशक असतं. कुत्रं पोहलं की ते पाण्यात उतरतं आणि पाण्यातल्या किड्यांना मारतं. त्या किड्यांवर मासे जगतात. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी देवळाच्या छोट्या कुंडात २०२० मध्ये माशाची नवी जात नोंदवली गेली, पुढच्या वर्षी त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केलं. आपल्या कोकणातल्या बाकीच्या पऱ्यांत काय काय असेल, अजून कोणी धड मोजलेलंही नाही. म्हणून मी हे कळकळीने सांगतेय. तोंडाने द्यायची गोळी मिळते, ती वापरा. ब्रुनोच्या वजनाची मी लिहून देते.

मंदार (बी-२०३): ताई, उद्या कार्ड घेऊन येतो. रस्ता उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असा धरतोय.

डॉ. प्राची (सी-५०४): घाटाआधी तीन-चार तास खाणं नको, पाणी थोडं थोडं द्या. आणि जेवायला थांबलात तर कुत्र्यांना बंद गाडीत ठेवू नका. बाहेर २४ अंश असले तरी उन्हातली गाडी अर्ध्या तासात चाळिशी ओलांडते. आळीपाळीने जेवा. तुरळ-राजवाडीला गरम पाण्याची कुंडं लागतील, तिथे माणसांनीच आंघोळ करावी. कुत्र्याला धापा टाकूनच अंग थंड करता येतं, ऊन पाण्यात त्याला ते जमत नाही.

शिंदे काकू (ए-३०२): सायली, वाडीतली माणसं काही म्हणणार नाहीत ना?

सायली (बी-६०१): काकू, विचारलं तर आनंदाने हो म्हणतात. दादा, एकच पाळा. डोहाच्या वरच्या अंगाला पाणवठा आहे, बायका तिथून पाणी भरतात. कुत्र्यांना खालच्या अंगानेच उतरवा आणि त्यांची घाण उचलून लांब पुरा. आमच्या वाडीत दोन मोकळी कुत्री आहेत, पहिल्या दिवशी ब्रुनोला पट्ट्यातच ठेवा. बाबांना आज फोन करून ठेवते, तुम्ही किती जण ते कळवा.

मंदार (बी-२०३): आम्ही चौघं, आणि ही दोघं. बाबांना सांग, तांदूळ-भाजी आम्ही घेऊन येतो.