बाळाच्या अंगावरील फिकट तपकिरी डाग: तपासणी कधी करावी?

प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा तिच्या पोटावर दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा एक सपाट डाग होता. ते लासे आहे असे घरातील सर्वांनी सांगितल्यामुळे मी तो विषय सोडून दिला. मात्र गेल्या काही महिन्यांत पाठीवर आणि मांड्यांवर तसेच डाग दिसू लागले असून काल आंघोळ घालताना मोजले तेव्हा ते ७ भरले. मी गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून हे झाले, असे सासूबाईंना वाटते. डाग खाजत नाहीत आणि दुखतही नाहीत. हा केवळ त्वचेचा विषय आहे की आणखी काही पाहावे लागेल?

उत्तर १

माझ्या मुलाच्या कमरेवर जन्मतः मोठा डाग होता आणि तो तिसऱ्या वर्षापर्यंत आपोआप नाहीसा झाला. आपणही थोडी वाट पाहावी, असे मला वाटते.

उत्तर २ (बालरोगतज्ज्ञ)

वरील उत्तरातील डाग बहुधा निळसर-करडा असावा. आपल्याकडील पुष्कळ बाळांच्या कमरेवर व कुल्ल्यांवर तो असतो आणि काही वर्षांत विरतो. तपकिरी डागांचे तसे नसते. ते टिकतात आणि मूल वाढते तसे आकाराने वाढतात. असे एक-दोन डाग अनेक निरोगी मुलांना असतात व त्यांचा कोणत्याही आजाराशी संबंध नसतो. ग्रहणाशी तर मुळीच नाही, तेव्हा तो दोष मनातून काढून टाका.

संख्येला मात्र महत्त्व आहे. वयात येण्यापूर्वी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे ६ किंवा अधिक डाग असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ या आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. वयात आल्यानंतर हेच माप १५ मिलिमीटर धरतात. सुमारे ३,००० जणांमागे एकाला हा विकार असतो. १७व्या गुणसूत्रावरील एका जनुकात बिघाड झाल्याने पेशींच्या वाढीवरचा लगाम सैल होतो आणि मज्जातंतूंवर गाठी येऊ शकतात. केवळ डागांवरून निदान पक्के होत नाही, कारण लेजियस सिंड्रोममध्येही असेच डाग असतात, पण या गाठी येत नाहीत. काखेतील व जांघेतील बारीक ठिपके आणि डोळ्याच्या बुबुळावरील सूक्ष्म उंचवटे ही पुढची लक्षणे बहुतेक वेळा काही वर्षांनी दिसतात, त्यामुळे १४व्या महिन्यात ती नसली तरी त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

पट्टीने प्रत्येक डाग मोजून ठेवा. शिवाय आपल्या आणि आपल्या यजमानांच्या अंगावर असे डाग किंवा त्वचेखाली मऊ गाठी आहेत का, हे आवर्जून पाहा.

प्रश्नकर्ती

डाग मोजले. ७ पैकी ६ डाग ५ मिलिमीटरपेक्षा मोठे आहेत. यजमानांच्या पाठीवर लहानपणापासून बरेच तपकिरी डाग असून दंडावर तीन मऊ गाठी आहेत. त्या चरबीच्या आहेत असे समजून आम्ही कधीच दाखवल्या नव्हत्या.

उत्तर २ (बालरोगतज्ज्ञ)

मग दोघांचीही तपासणी आवश्यक आहे. सुमारे निम्म्या रुग्णांत हा बिघाड आई किंवा वडिलांकडून आलेला असतो आणि प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. वडिलांचे निदान झाले, तर मुलीच्या निदानासाठी तिचे डाग पुरेसे ठरतात. यजमानांचा रक्तदाबही मोजून घ्या, कारण या विकारात तो वाढलेला आढळू शकतो.

उत्तर ३

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे आणि त्याला हाच विकार आहे. लहान वयात दृष्टीच्या मज्जातंतूवर गाठ येऊ शकते आणि मूल आपली तक्रार सांगू शकत नाही, म्हणून त्याचे डोळे आम्ही दरवर्षी तपासून घेतो. त्याच भेटीत रक्तदाब आणि पाठीचा कणाही पाहिला जातो. शाळेत त्याला गणिताला आणि लिखाणाला जास्त वेळ लागतो. हा त्याचा आळस आहे असे समजून मी दोन वर्षे त्याला रागावत राहिले, याचे मला आजही वाईट वाटते. लेझरने डाग घालवून देतो असे कोणी सांगितल्यास घाई करू नका, कारण ते पुष्कळदा परत येतात आणि गेले तरी मूळ विकार तसाच राहतो. आपल्या मुलीच्या डोळ्यांची पहिली तपासणी मात्र याच महिन्यात करून घ्या.