संशोधन परिषदेचं वेळापत्रक: एकच सभागृह की समांतर सत्रं?

धागाकर्ता
आमच्या विद्यार्थी संशोधन परिषदेसाठी ३६ शोधनिबंध निवडलेत. १५ मिनिटं सादरीकरण, ५ मिनिटं प्रश्नोत्तरं धरली तर एका सभागृहात निव्वळ १२ तास, म्हणजे दोन दिवस लागतात. म्हणून समितीला तीन खोल्यांत समांतर सत्रं लावून एका दिवसात उरकायचंय. माझा ठाम विरोध आहे. गेल्या वर्षी मी अशाच सत्रात बोलले. समोर सत्राध्यक्ष आणि माझ्यानंतरचे दोन वक्ते, तेही मान खाली घालून आपापल्या स्लाइड चाळत होते. आठ महिन्यांच्या कामाला एक प्रश्न आला नाही.

समांतरवादी
वाईट वाटलं, पण दोष समांतर सत्रांचा नाही, जुळवणीचा आहे. एकाच विषयाचे निबंध एकाच वेळी दोन खोल्यांत लावले की श्रोते फुटणारच. विषयवार खोल्या करा. १२ तास सलग ऐकायला कुणी बसत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृह रिकामं असतं.

जुना सत्राध्यक्ष
समांतर ठेवणार असाल तर एक नियम पाळाच: वक्ता गैरहजर असला तरी पुढच्याला आधी बोलावू नका, ती २० मिनिटं मोकळी सोडा. नाहीतर शेजारच्या खोलीतून वेळ बघून आलेल्याला निबंध संपलेला दिसतो. आणि तिघांनी चार-चार मिनिटं जास्त घेतली की शेवटच्याची १२ मिनिटं गेली. तो शेवटचा बहुधा सगळ्यात बुजरा असतो, तक्रारही करत नाही.

पोस्टरप्रेमी
निम्मे निबंध पोस्टरवर घ्या, म्हणजे मोठ्या कागदावर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावायचे. १८ सादरीकरणं म्हणजे सहा तास, एक दिवस, एकच सभागृह! ए-झिरो आकाराच्या (८४१ × ११८९ मिमी) कागदासमोर उभं राहून मला जितके प्रश्न आले, तितके मंचावर कधीच आले नाहीत.

समांतरवादी
पोस्टर म्हणजे दुय्यम, असंच मुलं समजतात. शिवाय ते चहाच्या वेळेत कोंबतात. लोक कप घेऊन पुढे निघून जातात.

धागाकर्ता
चहाचा मुद्दा मान्य. उद्या समितीपुढे १८ अधिक १८ मांडते. मंच की पोस्टर, हे आधी विद्यार्थ्यांनाच विचारू. पोस्टरला स्वतंत्र ९० मिनिटं, आणि त्या वेळात दुसरं काहीही नाही, बीजभाषणसुद्धा नाही.

समांतरवादी
३० जणांनी मंच मागितला तर? तेव्हा तीन खोल्या लागतीलच. आत्ताच राखून ठेवा.