कॉर्डलेसचं सिंक कोणी केलं?

बी-१०४ ताई: काल अथर्वशीर्षाच्या तालमीला माईकने पुन्हा जीव खाल्ला. कॉलर माईक लावला की नुसतं सूंऽऽ, एक नंबरचा हँड माईक फाटतोय, दोन नंबर मध्येच गप्प. पाऊण तास सगळ्या बसून होत्या. गुरुवारी गणपती बसणार. कोणी बघणार आहे का?

सी-२०३ काका: मी मागच्या सभेतच म्हणालो होतो. नवीन सेट घ्या. फंड आहे.

सचिव: ताई, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर. ए-७०२ दादा, तुम्हाला जमेल का बघायला?

ए-७०२ दादा: आत्ताच क्लब हाउसमधून आलो. सेट ठणठणीत आहे. तिन्ही माईकना कोणीतरी सिंक मारलंय. आपल्या सेटमध्ये सिंक केलं की रिसीव्हरमधली (माईकचा सिग्नल पकडणाऱ्या डब्यातली) फ्रिक्वेन्सी माईकमध्ये उतरते, शिवाय गेन (माईकचा कान किती तिखट ते) आणि बटणांचं लॉकही उतरतं. तिन्हींचा गेन ० वर गेलाय, लॉक निघालंय आणि कॉलर माईक, म्हणजे आपला तीन नंबर, दोन नंबरच्याच फ्रिक्वेन्सीवर जाऊन बसलाय.

बी-१०४ ताई: म्हणजे हात लावणारा कोणीतरी आहेच. रॅकवर चिकटवलेला सेटिंगचा कागदही गायब आहे.

डी-३०१: सिंक मी केलं. दोन नंबर लागत नव्हता, आणि तेव्हा कोणीच फोन उचलत नव्हतं. कागद मी काढलेला नाही.

ए-७०२ दादा: सिंक करण्यात गैर काही नाही. फक्त करताना बाकीचे माईक बंद हवेत आणि ज्याचं करायचं त्याचीच इन्फ्रारेड खिडकी त्याच नंबरच्या रिसीव्हरसमोर धरायची, अगदी जवळ. काल कॉलर माईक दोन नंबरच्या रिसीव्हरसमोर धरला गेला. त्यामुळे तीन नंबरच्या रिसीव्हरला सिग्नलच नाही. वर त्याचं स्क्वेल्च (सिग्नल कमकुवत असला की आवाज बंद ठेवणारी पातळी) अगदी खाली आणि पायलट टोन (आपलाच माईक आहे हे रिसीव्हरला सांगणारा, कानाला न ऐकू येणारा सूर) बंद, म्हणून रिकाम्या हवेचं सूंऽऽ स्पीकरला जात होतं. आणि दोन नंबर गप्प होत होता, कारण एका फ्रिक्वेन्सीवर दोन माईक चालू असले की रिसीव्हर ज्याचा सिग्नल जोरकस त्यालाच पकडतो. कॉलरवाले रिसीव्हरजवळ आले की दोन नंबर मेला.

ए-११०: सी विंगची लिफ्ट परत तिसऱ्यावर अडकली आहे.

सचिव: लिफ्टचं कृपया मेंटेनन्स ग्रुपवर टाका.

सी-२०३ काका: म्हणून म्हणतो, नवीन सेट घ्या. फंड आहे.

डी-३०१: पण दादा, गेन ० होता तर एक नंबर फाटेल कसा? आवाज यायलाच नको ना?

ए-७०२ दादा: इथेच सगळे फसतात. या माईकचा आकडा उलटा वाचायचा. ० डीबी म्हणजे सगळ्यात जास्त संवेदनशील. -३० म्हणजे त्याचा कान ३० डीबीने कमी केला. हँड माईकमध्ये तो ६-६ च्या पायरीने बदलतो, कॉलरमध्ये ३-३ च्या. मुलांच्या गोष्टींना ० चालेल, पण आरतीला तोंडाशी माईक, बाजूला झांजा, तिथे ० ठेवला तर फाटणारच.

डी-३०१: आम्ही मिक्सरवर एक नंबरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) पार खाली आणला होता. आवाज कमी झाला, फाटणं तसंच.

ए-७०२ दादा: बरोबर, तसंच होणार. आवाज माईकच्या ट्रान्समीटरमध्येच फाटलाय. पुढे कितीही गाळलं तरी फाटलेल्या दुधाचं परत दूध होत नाही. म्हणून गेन आधी माईकवर बसवायचा, मग रिसीव्हरचा आउटपुट, मग मिक्सर.

बी-१०४ ताई: मग नीट सांगा कसा बसवायचा. या वेळी एकदाच काय ते होऊ दे.

ए-७०२ दादा: जो म्हणणार आहे त्यालाच उभं करा. "हॅलो चेक" नको, आरतीचं शेवटचं कडवं पूर्ण आवाजात, माईक तोंडापासून चार बोटं. दुसऱ्याने रिसीव्हरचा ऑडिओ मीटर बघायचा. पीक (आवाज फाटल्याची खूण) लागला की माईकच्या मेन्यूत सेन्सिटिव्हिटी, म्हणजे हाच गेन, एक पायरी खाली. सगळ्यात मोठ्या आवाजालाही पीक लागू नये, पण काटा वरच्या पट्टीत खेळावा. आरतीला -३० पासून सुरू करा. निवेदनाला -१२ ते -१८. फार खाली नेलंत तर मिक्सरवर गेन चढवावा लागेल आणि त्याच्याबरोबर खरखरही चढेल. कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर, उपरणं घासणार नाही असा. कॉलर माईकच्या कमरेच्या पॅकची अँटेना घडी करून खिशात कोंबू नका, अंगाला चिकटली की सिग्नल तुटतो.

सी-४०५: आणि शिट्टी? मागच्या वर्षी आरतीपेक्षा शिट्टीच जास्त ऐकली 😄

ए-७०२ दादा: माईकची जाळी मुठीत धरली की शिट्टी ठरलेली. जाळी झाकली की माईक चहूबाजूंनी ऐकायला लागतो, स्पीकरसुद्धा. खालचं टोकही झाकायचं नाही, तिथे अँटेना आहे. मधोमध धरायचा.

सी-४०५: हे डी विंगच्या काकांना कोण सांगणार? ते तर माईक सोडतच नाहीत.

डी-३०१: माझ्या वडिलांबद्दल इथे नको, प्लीज.

सी-४०५: सॉरी, मनात वाईट काही नव्हतं. त्यांचा आवाज खरंच उत्तम आहे.

सचिव: विषयावर राहू या सगळे 🙏

सी-२०३ काका: विषय हाच. फंड आहे. नवीन सेट.

बी-१०४ ताई: काका, नवीन सेटलाही असंच सिंक मारलं तर त्याचंही हेच होणार ना?

ए-७०२ दादा: फ्रिक्वेन्सी कोणी मनाने टाकू नये. समजा ६०६.० आणि ६०६.४ मेगाहर्ट्झ घेतले. दोन्ही मिळून ६०५.६ आणि ६०६.८ वर पिल्लं, म्हणजे नकली सिग्नल, काढतात. तिसरा माईक तिथे ठेवला की खरखर. रिसीव्हरमध्ये बँक (एकमेकींना त्रास न देणाऱ्या फ्रिक्वेन्सींचे तयार गट) दिल्यात त्या याचसाठी. तिन्ही माईक बंद करून स्कॅन, तिघांना एकाच बँकेतले वेगवेगळे चॅनेल. आज तसं करून ठेवलंय. पायलट टोन तिन्हींना चालू केला, तीन नंबरचं स्क्वेल्च मधल्यावर आणलं. रिसीव्हर लोखंडी कपाटातून काढून टेबलावर घेतलेत, माईकपासून निदान तीन मीटर लांब राहू देत.

ए-११०: सेल कोण आणणार? मागच्या वर्षीचे पैसे मला अजून मिळालेले नाहीत.

सचिव: बिल पाठवा, आजच देतो.

ए-११०: बिल दोनदा पाठवलंय.

ए-७०२ दादा: प्रत्येक माईकला दोन अल्कलाइन डबल ए. घड्याळातले साधे सेल नकोत, लवकर बसतात. रिचार्जेबल वापरणार असाल तर मेन्यूत सेलचा प्रकार बदला. ते १.२ व्होल्टचे, त्यामुळे बॅटरीची पट्टी खोटं सांगते, आणि बसतात तेव्हा एकदम बसतात. रोज आरतीआधी नवे टाका, जुने निवेदनाच्या सरावाला.

बी-१०४ ताई: आणि मध्येच बटण दाबलं गेलं तर?

ए-७०२ दादा: ऑटो लॉक लावलंय. आता दाबलं तरी बंद होणार नाही. म्यूटचा स्विच मात्र चालू ठेवलाय, फक्त ऑडिओ म्यूट. आरएफ म्यूटवर ठेवला असता तर प्रत्येक वेळी कॅरिअरच, म्हणजे माईकचा रेडिओ सिग्नलच, बंद झाला असता.

सचिव: रात्री १० ला स्पीकर बंद, हेही सगळ्यांनी लक्षात ठेवा. सवलतीच्या दिवसांची यादी नोटीस बोर्डवर लावतो.

ए-७०२ दादा: सेटिंगचा नवा कागद रॅकच्या आत चिकटवलाय, वर प्लास्टिक लावून. माईक १: -३०, आरती. माईक २: -१८, निवेदन. कॉलर: -१५, पठण. डी-३०१, उद्या सात वाजता याल का? काकांचा आवाज घेऊनच एक नंबर पक्का करू.

डी-३०१: येतो. बाबांना घेऊन येतो.

बी-१०४ ताई: आम्ही सगळ्या साडेसातला येतो. कॉलर आमच्याच आवाजावर बसवा.

सी-२०३ काका: तरी पुढच्या सभेत विषय घ्यावा. फंड आहे.